लष्कराच्या दप्तरातील अज्ञात आकाश
(प्रस्तावना)

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई या दोन जुन्या किल्ल्यांच्या मधून जेथे समुद्रास मिळते, त्या मुखाबाहेर काही सागरी मैलांच्या अंतरावर २०२५ सालच्या ६ जुलैच्या रात्री एका संशयास्पद बोटीची खूण तटरक्षक दलाच्या रडारवर उमटली, आणि पाहता पाहता जिल्ह्याचे पोलीस, बॉम्बशोधक पथक, नौदल व तटरक्षक दल असा सारा सरंजाम ऐन पावसाळ्यात त्या किनाऱ्यावर गोळा झाला. ज्या रायगड जिल्ह्याच्या शेखाडी किनाऱ्यावर १९९३ च्या फेब्रुवारीत स्फोटके उतरविली गेली, आणि ज्याच्या हरिहरेश्वरास २०२२ च्या ऑगस्टमध्ये बंदुका असलेली एक निर्मनुष्य नौका वाहत येऊन लागली, त्या जिल्ह्याने अशा खुणेकडे काणाडोळा करावा हे शक्यच नव्हते. शोधाअंती असे सांगण्यात आले की ती बोट नव्हतीच; कोणा पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्यापासून सुटलेला, स्थान दर्शविणारे यंत्र बसविलेला तो एक बोया होता आणि प्रवाहाबरोबर वाहत तो आपल्या किनाऱ्याकडे आला होता.

ही वस्तू पाण्यावरची होती आणि प्रस्तुत संग्रहाचा विषय आकाशातील वस्तूंचा आहे. तथापि त्या रात्री जे घडले ते या संग्रहातील जवळजवळ प्रत्येक कागदात घडलेले आहे. पहाऱ्यावरील मनुष्यास किंवा त्याच्या यंत्रास काही तरी दिसते, त्याची ओळख पटत नाही, ओळख पटेपर्यंत थांबण्याची मुभा त्यास नसते, म्हणून तो वर्दी देतो. आणि ती वर्दी ज्या कागदावर उतरते तो कागद, पुढे वस्तूची ओळख पटो अथवा न पटो, सरकारी दप्तरात जाऊन पडतो. निरनिराळ्या देशांच्या सेनादलांनी गेल्या पाऊणशे वर्षांत आकाशातील अनोळखी वस्तूंविषयी जे असे कागद जमविले आणि त्यांपैकी जे जनतेस खुले झाले, त्यांतील निवडक कागदांचा मराठी तर्जुमा येथे एकत्र केला आहे. परग्रहावरील प्राण्यांच्या आगमनाचा पुरावा ज्यांना येथे हवा असेल त्यांना तो मिळणार नाही, आणि असे पाहणारे सारेच भ्रमिष्ट असतात असे ज्यांना सिद्ध करावयाचे असेल त्यांचीही येथे सोय होणार नाही. मला हे कागद मोलाचे वाटतात ते वेगळ्याच कारणासाठी, आणि ते कारण विस्ताराने सांगावे म्हणून ही प्रस्तावना काहीशी लांबली आहे.

मराठी वाचकास बखर आणि दप्तर यांतील भेद नव्याने समजावून देण्याची आवश्यकता नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हापासून, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाल्यानंतर तर विशेषेकरून, आपल्याकडील अभ्यासकांस हे वळण लागले की ज्या दिवशी गोष्ट घडली त्या दिवशीचा अस्सल कागद, मग तो कितीही रुक्ष, त्रोटक आणि फाटका असो, नंतर कित्येक वर्षांनी रचलेल्या रसाळ बखरीहून अधिक प्रमाण मानावयाचा. उडत्या तबकड्यांविषयी जगात जे अफाट वाङ्मय निर्माण झाले आहे ते बहुतांशी बखरीच्या जातीचे आहे: कथन रंगलेले, काळवेळ सैल, आणि एका लेखकाने दुसऱ्याच्या भरवशावर लिहिलेले. सैन्याच्या कचेऱ्यांतील कागदांत मात्र वार, तारीख, ताशी वेळ, दिशा, वाऱ्याचा वेग, पाहणाऱ्याचा हुद्दा आणि वरिष्ठाचा शेरा असा कोरडा तपशील असतो. आणि सत्याचा काही अंश हाती लागावयाचा असेल तर तो त्या कोरडेपणातच लागतो.

याचे पहिलेच उदाहरण बोलके आहे. २४ जून १९४७ रोजी अमेरिकेच्या वायव्य भागात, रेनियर पर्वताजवळून आपले लहान विमान नेत असता केनेथ अर्नोल्ड नावाच्या वैमानिकास नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. वर्तमानपत्रांनी त्या बशीच्या आकाराच्या ठरविल्या आणि तो आकार साऱ्या जगाच्या कल्पनेत कायमचा बसला. परंतु अर्नोल्डने त्यानंतर थोड्याच दिवसांत अमेरिकी सैन्याच्या हवाई दलास जे लेखी निवेदन दिले त्यात स्वहस्ते काढलेली आकृती आहे, आणि ती वर्तुळाकार नाही. तिची पुढील कड गोलाकार असून मागील बाजू निमुळती झालेली आहे. पुढील कित्येक वर्षे लोकांना गोल बश्या दिसत राहिल्या, आणि मूळ साक्षीदाराचे रेखाटन दप्तरात धूळ खात पडले होते. अस्सल कागदाकडे दुर्लक्ष झाले म्हणजे अनुभवसुद्धा बखरीच्या साच्यात ओतले जातात, हे याहून स्पष्टपणे कोणते उदाहरण सांगेल?

अमेरिकेच्या हवाई दलाने या प्रकरणाची चौकशी प्रथम ‘साइन’, नंतर ‘ग्रज’ आणि १९५२ पासून ‘ब्लू बुक’ या नावांनी चालविली, आणि १९६९ च्या डिसेंबरात ती बंद केली. या अवधीत १२,६१८ वृत्तांत नोंदले गेले; त्यांपैकी बहुतेक ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमाने, ढगांचे आणि प्रकाशाचे खेळ म्हणून निकालात निघाले, आणि ७०१ प्रकरणांपुढे ‘अनोळखी’ हा शेरा कायम राहिला. या ७०१ च्या आकड्यावर दोन्ही पक्षांनी आपापले मनोरे उभारले आहेत. मला त्या आकड्याहून त्याच्या शेजारचा रकाना अधिक महत्त्वाचा वाटतो: माहिती अपुरी असल्यामुळे ज्यांचा निर्णयच होऊ शकला नाही अशा प्रकरणांसाठी ब्लू बुकच्या अधिकाऱ्यांनी निराळा वर्ग ठेविला होता. ज्याचा उलगडा झाला नाही आणि ज्याचा उलगडा करता येईल इतके साहित्यच मिळाले नाही, या दोहोंत अंतर आहे हे ज्या कारकुनाने जाणले, त्याने शास्त्राची मोठी सेवा केली असे मी मानतो.

त्याच चौकशीचे खगोलशास्त्रीय सल्लागार जे. ॲलन हायनेक हे आरंभी कट्टर संशयवादी होते. १९६६ च्या मार्चमध्ये मिशिगनमधील दिव्यांचा संबंध त्यांनी दलदलीतील वायूशी लाविला तेव्हा त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. परंतु वर्षानुवर्षे कागद वाचून त्यांचे मत असे बनत गेले की थोड्या प्रकरणांना गंभीर अभ्यासाची गरज आहे. याउलट पदार्थशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्या नेतृत्वाखाली कोलोरॅडो विद्यापीठात झालेल्या अभ्यासाने या मार्गाने शास्त्राच्या ज्ञानात भर पडण्याची आशा नाही असा निष्कर्ष काढला, आणि त्याच्याच आधारे ब्लू बुकचे दप्तर मिटविण्यात आले. दोघेही प्रामाणिक होते. त्यांच्या मतभेदाचे मूळ मात्र दोघांनाही पूर्णपणे न दिसलेल्या एका गोष्टीत होते, आणि ती म्हणजे सरकारची स्वतःची गुप्तता. रॉसवेल येथे १९४७ साली सापडलेले अवशेष सोविएत अणुस्फोटांचा कानोसा घेण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ नावाच्या गुप्त प्रकल्पातील फुग्यांचे होते, हे हवाई दलाने १९९४ साली सांगितले. आणि अतिउंचीवरून हेरगिरी करणाऱ्या यू-२ विमानांची उड्डाणे त्या काळातील अनेक वृत्तांतांच्या मुळाशी होती, हे अमेरिकी गुप्तहेर खात्याच्याच एका इतिहासलेखनातून १९९७ साली उजेडात आले. एकाच राज्याच्या एका हातास दुसऱ्या हाताचे काम ठाऊक नसावे, आणि मधल्या मध्ये सामान्य नागरिकाने आपल्या डोळ्यांवरचा विश्वास गमावावा, ही स्थिती मला दुःखद वाटते.

इंग्लंडमधील कागदांपैकी रेंडलशॅमच्या जंगलाचे प्रकरण वाचकांनी विशेष सावधपणे वाचावे. १९८० च्या डिसेंबरअखेरीस तेथील अमेरिकी हवाई तळाबाहेरच्या झाडीत काही शिपायांना विचित्र दिवे दिसले, आणि तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हाल्ट यांनी १३ जानेवारी १९८१ रोजी एक पानी टिपण ब्रिटिश संरक्षण खात्याकडे धाडले. टिपण लिहिणारा अधिकारी जबाबदार, भाषा संयमित, कागद अस्सल. परंतु घटनेनंतर दोन आठवड्यांनी लिहिल्यामुळे त्यातील तारखा चुकल्या. त्या चुकीमुळे पोलिसांच्या रोजनाम्याशी आणि त्या काळातील उल्कांच्या नोंदींशी त्याचा मेळ घालणे अभ्यासकांना दीर्घकाळ अवघड गेले. २६ डिसेंबरच्या पहाटे इंग्लंडच्या दक्षिण भागावरून एक तेजस्वी उल्का गेली होती, आणि झाडांच्या फटींतून दिसणारा दूरचा दिवा ऑर्फर्डनेसच्या दीपगृहाचा असावा, या गोष्टी तारखा दुरुस्त झाल्यावरच नीट ताडून पाहता आल्या. एका दिवसाची चूक एवढी महाग पडते. ब्रिटिश संरक्षण खात्याने १९६७ पूर्वीचे यासंबंधीचे बरेचसे कागद दर पाच वर्षांनी नष्ट करण्याचा शिरस्ता ठेविला होता. उरलेले २००८ ते २०१३ या काळात त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने प्रसिद्ध केले. नष्ट झालेल्या कागदांत काय होते याची कल्पना करीत बसण्यात अर्थ नाही, परंतु ते नष्ट झाले याचे वाईट वाटते.

फ्रान्सने याहून शहाणपणाची तजवीज केली. तेथील अवकाश संस्थेच्या आश्रयाने १९७७ पासून एक लहानसे कार्यालय चालू आहे. गावोगावचे लष्करी शिस्तीचे पोलीस साक्षीदाराची जबानी घेतात, जागेचा पंचनामा करतात, आणि ते कागद त्या कार्यालयातील शास्त्रज्ञांकडे जातात. २००७ पासून ही सारी प्रकरणे साक्षीदारांची नावे झाकून जनतेस खुली आहेत. शिपायाने पाहावे व लिहावे, शास्त्रज्ञाने विचार करावा आणि जनतेने दोघांचे काम तपासावे, ही विभागणी मला आदर्श वाटते.

आता आपल्या देशाकडे वळू. १५ मार्च १९५१ रोजी सकाळी दिल्लीच्या उड्डाण क्लबच्या पंचवीस जणांनी सिगारच्या आकाराची, सुमारे शंभर फूट लांब वाटणारी एक वस्तू आकाशात पाहिली, आणि १९६८ च्या आरंभी लडाख, सिक्कीम, भूतान व नेपाळ या प्रदेशांवर तेजस्वी वस्तू दिसल्या; या दोन्हींची नोंद आज वाचावयास मिळते ती परक्या देशाच्या, म्हणजे अमेरिकेच्या, गुप्तहेर खात्याच्या कागदांत. आपल्या आकाशाची वार्ता परक्याच्या दप्तरात शोधावी लागावी, हे मनास लागते.

लडाखचे २०१२ चे प्रकरण मात्र आपले स्वतःचे आहे आणि या संग्रहाचा तो गाभा आहे. चीनच्या सरहद्दीवर, पँगाँग सरोवराजवळील ठाकुंगच्या परिसरात, ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या सात महिन्यांत भारतीय सैन्याच्या चौक्यांनी ३२९ वेळा प्रकाशमान वस्तू पाहिल्याची नोंद केली, आणि त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तूंनी प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडल्याचे त्यांस वाटले. चिनी चालकरहित विमाने टेहळणी करीत असावीत असा संशय येणे त्या ठिकाणी अगदी साहजिक होते. अखेर हे प्रकरण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे गेले. तेथील शास्त्रज्ञांनी सैनिकांना त्या वस्तूंची वेळ, क्षितिजापासूनची उंची आणि आसपासच्या ताऱ्यांच्या सापेक्ष स्थान टिपण्यास सांगितले, आणि ती टिपणे गणिताशी ताडता असे दिसून आले की त्या वस्तू म्हणजे गुरू आणि शुक्र हे दोन ग्रह होते. त्या हिवाळ्यात गुरू रात्रभर तळपत होता आणि शुक्र पहाटे पूर्वेस उगवत होता. चौदा हजार फुटांवरील विरळ हवेत ग्रहाचे तेज मैदानातून आलेल्या डोळ्यांस अपरिचित वाटावे इतके वाढते.

वर्तमानपत्रांतून हा निकाल जाहीर झाला तेव्हा काही वाचकांस हसू आले असेल. मला त्या सैनिकांविषयी आदरच वाटतो. महाडजवळील फौजी आंबवडे या गावाने पहिल्या महायुद्धापासून पिढ्यान् पिढ्या सैन्यास माणसे दिली आहेत, आणि रायगड जिल्ह्यातील कित्येक घरांतील माणसे अशाच बर्फाळ चौक्यांवर रात्रीमागून रात्री उभी राहिलेली आहेत. दिसलेली वस्तू शुक्र असेल अशी कल्पना करून स्वस्थ बसणे हे त्यांच्या कर्तव्यात बसत नाही. त्यांनी ३२९ वेळा न कंटाळता नोंद केली आणि सांगितल्यावर ताऱ्यांच्या खुणांनिशी केली, म्हणूनच कोडे सुटले. नोंदीऐवजी त्यांनी केवळ संशय वर कळविला असता, तर आजही लडाखच्या आकाशावर बखरी रचल्या जात राहिल्या असत्या. याउलट १९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळच्या विमानतळाजवळ अनोळखी वस्तू दिसल्यावरून तेथील उड्डाणे काही तास थांबली आणि हवाई दलाने शोधासाठी राफेल विमाने पाठविली. त्यांना काहीही आढळले नाही. त्या प्रकरणात निर्णय लागलेला नाही, आणि निर्णय लागला नाही असे म्हणणे हेच तेथे योग्य आहे.

महाराष्ट्रात अशा वस्तू प्रत्यक्ष जमिनीवर पडलेल्या आहेत. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून आगीचे लोळ जाताना हजारो लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात धातूचे एक प्रचंड कडे येऊन पडले; पुढे आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. एका चिनी अग्निबाणाचा टप्पा पृथ्वीच्या वातावरणात परत शिरून तुटला, हे त्याचे कारण बहुतेक तज्ज्ञांनी मान्य केले आहे. त्या कड्यास ग्रामस्थांनी शेंदूर फासला नाही की ते भंगारात विकले नाही. ते पोलीस ठाण्यात जमा झाले आणि शास्त्रज्ञांना तपासता आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सोडले जाणारे प्रचंड शास्त्रीय फुगेही मराठवाड्याच्या व सोलापुराकडच्या शेतांत उतरतात, आणि यंत्रांस हात न लावता नजीकच्या पोलीस ठाण्यास खबर द्यावी अशी सूचना वर्तमानपत्रांतून आगाऊ दिली जाते. ती वाचणारा शेतकरी आकाशातून उतरणाऱ्या पांढऱ्या घुमटास भिणार नाही.

या सर्व कागदांचे मोल मला ज्या एका जुन्या नोंदीमुळे पटले, ती आमच्या रायगड जिल्ह्याशी निगडित आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापे नित्य घेतली जात. विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्यांमुळे त्या मापांत बाधा येईल म्हणून ते काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले, आणि आज ते ज्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत चालते ती नवीन पनवेल येथे आहे. १८५९ साली कुलाबा वेधशाळेची व्यवस्था तत्कालीन इंडियन नेव्हीमधील लेफ्टनंट फर्ग्युसन यांच्याकडे होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या २ तारखेस चुंबकसूची अशी काही विलक्षण ढळली की तसे ढळणे तेथील कोणी पूर्वी पाहिले नव्हते. आदल्या दिवशी सूर्यावर झालेल्या प्रचंड उद्रेकाचा तो परिणाम होता, हे सांगणारे शास्त्र त्या काळी अस्तित्वातच नव्हते. वेधशाळेतील माणसांनी कारणाचा शोध लागेपर्यंत वाट पाहिली नाही. वादळ चालू असता नेहमीच्या ताशी मापांच्या मधेमधे, थोड्याथोड्या मिनिटांनी, त्यांनी आकडे वाचले आणि उतरवून ठेविले. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, भूचुंबकत्व संस्थेच्या व परदेशातील शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून ते वादळ सुमारे १,६०० नॅनोटेस्लांचे असल्याचे दाखविले, आणि नोंदलेल्या चुंबकीय वादळांपैकी ते अत्यंत प्रखर ठरले. विद्युत्‌वाहिन्या, उपग्रह आणि दूरसंदेश यांस सूर्याकडून किती धोका संभवतो याचा अंदाज आज जगभर बांधला जातो, त्यात कुलाब्याच्या त्या आकड्यांचा आधार आहे. ज्यांनी ते लिहिले त्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि तरीही त्यांनी ते अचूक लिहिले.

अमेरिकेने २५ जून २०२१ रोजी प्रसिद्ध केलेल्या अहवालात तिच्या सेनादलांनी व अन्य सरकारी सूत्रांनी कळविलेल्या १४४ घटनांपैकी केवळ एकीचा, हवा जात असलेल्या एका मोठ्या फुग्याचा, खात्रीने उलगडा झाल्याचे स्पष्टपणे मान्य केले. असा कबुलीजबाब देण्याचे धैर्य आपल्या सेनादलांतही निश्चित आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२१ च्या जूनमध्ये युद्धांच्या व मोहिमांच्या कागदांविषयी जे धोरण मंजूर केले, त्यानुसार २५ वर्षांहून जुने कागद तज्ज्ञांनी पारखून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावयाचे आहेत. माझी मंत्रालयास नम्र विनंती अशी आहे की सरहद्दीवरील चौक्यांनी, हवाई तळांनी आणि किनाऱ्यावरील रडारकेंद्रांनी आकाशातील अनोळखी वस्तूंविषयी केलेल्या जुन्या नोंदी या पारखणीच्या वेळी निरुपयोगी म्हणून बाजूस टाकल्या जाऊ नयेत. त्यांची स्वतंत्र यादी व्हावी आणि ज्यांच्यामुळे देशाच्या संरक्षणास बाध येत नाही त्या अभ्यासकांना पाहावयास मिळाव्यात.

वाचकांस, आणि विशेषतः रोहा, पेण, महाड, पोलादपूर या भागांतील निवृत्त सैनिकांस, एवढेच सांगावयाचे आहे की आपल्या सेवाकाळात असे काही पाहिले असेल आणि त्याची रोजनिशी किंवा टिपण घरात जपून ठेविले असेल, तर ते फेकून देऊ नये. त्यातील जो भाग गोपनीय नसेल त्याची नक्कल संग्राहकांकडे पोचवावी, म्हणजे पुढील आवृत्तीत तिचा समावेश करता येईल. आणि ज्यांना यापुढे काही दिसेल त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहावी, दिशा लिहावी, हात पुढे लांब करून मूठ धरली असता ती आकाशाचा सुमारे १० अंशांचा भाग व्यापते त्या मापाने क्षितिजापासूनची उंची लिहावी, जवळचा एखादा ओळखीचा तारा असल्यास त्याचे नाव लिहावे, आणि ती वस्तू काय असावी याविषयीचे आपले मत त्यानंतर, निराळ्या ओळीवर, लिहावे.